आईच्या दुधातली अग्निरोधक रसायनं: मोजतात कशी, आणि आकडा हातात आला की त्याचं करायचं काय?

प्राजक्ता_सॅनहोजे

नमस्कार मंडळी. माझी धाकटी जाऊ इथेच, कॅलिफोर्नियातल्या बे एरियात असते. पहिलटकरीण आहे, बाळ नुकतंच सव्वा महिन्याचं झालंय. तिच्या नव्या आयांच्या ग्रुपवर एका संशोधन प्रकल्पाचं आवाहन आलं. पहिल्या खेपेच्या मातांनी थोडंसं दूध द्यायचं, त्यातली फ्लेम रिटार्डंट, म्हणजे सोफा, गाद्या, टीव्हीच्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घालतात ती रसायनं, मुख्यतः पीबीडीई, मोजली जाणार. संमतीपत्रावर एक चौकोन आहे: 'माझा वैयक्तिक निकाल मला कळवावा.' तिचा पेन तिथेच अडलाय.

सासूबाईंचं म्हणणं, दूध चांगलं उतरतंय, बाळ बाळसं धरतंय, नसती चौकशी कशाला. दीर म्हणतो, माहिती कधीही बरीच. मला दोघांचंही पटतं आणि दोन्हीची भीतीही वाटते. इथे रसायनशास्त्रातले, डॉक्टर, आणि अशा अभ्यासात भाग घेतलेले लोक असतील. हे मोजतात कसं, त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, आणि तिने निकाल मागावा का? 'घाबरू नका' एवढंच सांगू नका, नीट समजावून सांगा.

खमंगकाकडी

वाचतेय. माझा बाळबोध प्रश्न आधी. सोफ्यातलं रसायन दुधात पोचतं कसं? सोफा कोणी चाटत नाही.

निळा_खडू

@खमंगकाकडी, थोडाफार चाटतोच आपण, फक्त ते धुळीतून.

पीबीडीई फोममध्ये नुसतं मिसळलेलं असतं, फोमच्या रेणूंशी ते रासायनिकदृष्ट्या बांधलेलं नसतं. त्यामुळे वर्षानुवर्षं ते हळूहळू बाहेर येतं, घरातल्या धुळीला चिकटतं, धूळ हाताला आणि हातावरून तोंडात. शिवाय ते चरबीत विरघळतं, म्हणून मांस, मासे, दुधाचे पदार्थ यांतूनही येतं. शरीरात गेलं की चरबीत साठतं. आईच्या दुधातली स्निग्धता काही अंशी त्याच साठ्यातून बनते, तिच्याबरोबर हेही उतरतं. बॉस्टन परिसरातल्या ४६ पहिलटकरणींचा अभ्यास २००७ साली आला होता. दुधातल्या प्रमाणाचा संबंध घरातल्या धुळीशीही लागला आणि खाण्याशीही.

कॅलिफोर्नियाचं नाव या विषयात सारखं येतं त्याचं कारण १९७५ चा नियम, टीबी ११७. फर्निचरमधल्या फोमने लहान उघडी ज्योत १२ सेकंद सोसली पाहिजे, असा. ते साधायचा स्वस्त मार्ग म्हणजे फोममध्ये पेंटा नावाचं पीबीडीईचं मिश्रण घालणं. एका राज्यासाठी वेगळा सोफा कोण बनवणार? मग तोच माल अमेरिकाभर गेला.

उपसाला_मुक्काम

हा विषय स्वीडनशिवाय पुरा होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

स्टॉकहोममध्ये मातांचं दान केलेलं दूध गोळा करणारं केंद्र होतं. तिथलं दूध कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कोइडू नोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून डीडीटी आणि पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरायचे ती क्लोरीनवाली रसायनं) यांच्यासाठी तपासलं, आणि मुख्य म्हणजे उरलेले नमुने गोठवून जपून ठेवले. ते ठेवले तेव्हा पीबीडीई कोणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे १९९० च्या दशकात तेच जुने नमुने बाहेर काढून त्यांत पीबीडीई शोधलं. १९७२ च्या दुधात दर ग्रॅम स्निग्धांशामागे ०.०७ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग), १९९७ च्या दुधात ४.०२. साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट. त्याच बाटल्यांत, त्याच वर्षांत डीडीटी आणि पीसीबी खाली येत होते, कारण त्यांच्यावर बंदी आलेली होती.

१९९८ साली स्टॉकहोमच्या डायऑक्सिन परिषदेत हे मांडलं गेलं आणि खळबळ उडाली. पुढे २००४ मध्ये युरोपीय संघाने पेंटा आणि ऑक्टा ही पीबीडीईची दोन मिश्रणं बंद केली. स्वीडनमध्ये तर त्याआधीच वापर कमी होऊ लागला होता आणि १९९७ नंतरच्या दुधात आकडा उतरू लागलेला दिसला.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की या मोजणीने एकाही आईला 'तुझ्या दुधात दोष आहे' असं सांगितलं नाही. तिने देशाला सांगितलं की तुमच्या कारखान्यातून काहीतरी घराघरात शिरतंय.

सडेतोड_शिरीष

०.०७ नॅनोग्रॅम! अहो, आजची यंत्रं काहीही शोधून काढतात. शोधलं की सापडतं, सापडलं की बातमी होते, आणि बातमी वाचून बिचारी बाळंतीण रात्रभर जागी. डोस महत्त्वाचा असतो. दुसरं म्हणजे आगीत माणसं मरतात हो. ही रसायनं कोणी हौसेने घातली नव्हती. ७० च्या दशकात अमेरिकेत सिगारेट हातात घेऊन सोफ्यावर झोपी गेलेले किती जळाले, याचा विचार कोणी करतं का?

काचपात्र

शिरीषराव, मुद्दा रास्त आहे, आगीबद्दल इतर कोणी लिहितीलच. पण 'यंत्रं काहीही शोधून काढतात' याला थोडं उत्तर देतो, कारण माझं पोट याच कामावर चालतं. अंश-विश्लेषणाची प्रयोगशाळा आहे आमची, मुख्यतः अन्नाचे नमुने, पण पद्धत तीच. आणि प्राजक्ताताईंचा पहिला प्रश्नही हाच होता.

बाटलीपासून सुरुवात होते. बाटली काचेची, ४०० अंशांच्या वर भाजलेली, वर हेक्झेनने विसळलेली. प्लास्टिक नाही. दूध शक्यतो हाताने पिळून थेट बाटलीत. पंप वापरला तर कोणता, त्याचीही नोंद. मग ते उणे २० अंशांवर गोठवायचं.

तपासणीच्या दिवशी दूध वितळवून कोमट करतात आणि बाटली हलक्या हाताने बराच वेळ फिरवतात. हे फार नाजूक काम. गोठलेल्या दुधातली चरबी काचेला धरून बसते आणि आपल्याला हवी ती रसायनं त्या चरबीतच असतात. घाई केली तर वरचं पाणचट दूध मोजलं जाईल आणि आकडा खोटा कमी येईल.

आता खरी गंमत. दूध वजन करून घेतल्यावर त्यात आम्ही मुद्दाम पीबीडीई घालतो! पण कसं? ज्यातला कार्बन साध्या १२ ऐवजी १३ वजनाचा आहे असं. रासायनिक वागणूक हुबेहूब तीच, फक्त मास स्पेक्ट्रोमीटरला वजनातला फरक कळतो. पुढच्या सगळ्या खटाटोपात थोडं नमुन्यातलं वाया जातं, त्याच प्रमाणात हे घातलेलंही जातं. शेवटी घातलेल्यापैकी किती उरलं ते बघून मूळ किती होतं ते काढता येतं. प्रत्येक नमुना आपली फूटपट्टी स्वतःबरोबर घेऊन चालतो.

मग सॉल्व्हंटने चरबी काढायची, वाळवून तिचं वजन करायचं. नंतर सल्फ्युरिक ॲसिड लावलेल्या सिलिकाच्या नळीतून ती सोडायची. चरबी तिथे जळून नळी वरून काळी पडत जाते, पीबीडीई मात्र ॲसिडला दाद देत नाही, खाली उतरतं. ते नायट्रोजनच्या बारीक झोताखाली काही थेंबांवर आणायचं आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातले घटक एकेक करून सुटे करणाऱ्या यंत्रात, टोचायचं. ब्रोमीनचे ७९ आणि ८१ असे दोन समस्थानिक निसर्गात जवळपास निम्मे-निम्मे असतात, त्यामुळे ब्रोमीनवाल्या रेणूची खूण फार ठसठशीत येते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वजनांवर, ठरलेल्या गुणोत्तरात शिखरं आली तरच 'सापडलं' म्हणायचं. एक जरी अट चुकली तरी नाही.

पीबीडीईचे २०९ प्रकार शक्य आहेत. दुधात सहसा बीडीई-४७ सगळ्यांत जास्त, मग ९९, १००, १५३ वगैरे. २०९ हा सगळ्यात त्रासदायक. उष्णतेने मोडतो, उजेडाने मोडतो, म्हणून त्याला आखूड कॉलम (त्या यंत्रातली नळी) आणि तपकिरी काच लागते. आणि तो प्रयोगशाळेच्या धुळीतच असतो! संगणकाच्या खोक्यात, खुर्चीच्या फोममध्ये. म्हणून प्रत्येक खेपेला एक 'ब्लँक' चालवतात. दूध नाही, बाकी सगळं तेच. ब्लँकमध्येच २०९ दिसला तर दुधातल्या २०९ च्या आकड्याला अर्थ उरत नाही. कुठलाही असा अभ्यास वाचताना मी आधी ब्लँकचा तक्ता बघतो, मग निष्कर्ष.

पाटावरवंटा

@काचपात्र, अप्रतिम! एक शंका. 'दर ग्रॅम स्निग्धांशामागे' कशाला? दर लिटरमागे सांगितलं तर सामान्य माणसाला कळेल.

काचपात्र

कारण दुधातली चरबी सारखी बदलते. पाजायला घेतल्या घेतल्या येतं ते पातळ, शेवटचं घट्ट. एकाच आईचं, एकाच पाजण्यातलं, सुरुवातीचं आणि शेवटचं दूध लिटरवर मोजलं तर दोन वेगळ्या बायका वाटतील. स्निग्धांशावर मोजलं की हा फरक बराचसा निघून जातो.

दगडूशेठची_नात

म्हणजे आमच्या गावच्या डेअरीसारखंच की! फॅट लावल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही. आजोबांना हे एका वाक्यात समजलं असतं.

काचपात्र

अगदी तेच, आणि गोष्टही दुधाचीच. 😊

लिटरचा हिशेब हवाच तर असा. समजा स्निग्धांशावर ३४ नॅनोग्रॅम आलं आणि दुधात चरबी ४ टक्के आहे. एका लिटरमध्ये साधारण ४१ ग्रॅम चरबी, म्हणजे सुमारे १४०० नॅनोग्रॅम, १.४ मायक्रोग्रॅम. बाळ दिवसाला पाऊण लिटर पीत असेल तर एक मायक्रोग्रॅमच्या आसपास. संख्या छोटी आहे, पण बाळाचं वजनही चार-पाच किलोच असतं, म्हणून किलोमागचा हिशेब मोठ्या माणसापेक्षा बराच चढतो.

निळा_खडू

३४ हा आकडा काचपात्रांनी हवेतून घेतलेला नाही, बहुतेक टेक्सासचा आहे. तिथल्या ४७ मातांच्या दुधाचा अभ्यास २००३ साली आला, अरनॉल्ड शेक्टर यांचा. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला, ३४, सरासरी मात्र ७३.९, आणि सगळ्यात जास्त ४१९. सगळ्यात कमी ६.२. स्वीडनचे चार आठवा. अमेरिकेतली सगळ्यात कमी आई स्वीडनच्या १९९७ च्या आकड्याच्या वर होती.

शिरीष, शोधलं की सापडतं हे खरं, पण इथे दोन देशांत दहापट आणि त्याहून जास्त फरक सापडला. तो काही यंत्राने निर्माण केलेला नाही. यंत्र दोन्हीकडे सारखंच असतं, सोफे वेगळे होते.

आणि प्राजक्ताताई, सरासरी आणि मध्यक यांतला फरक जाऊबाईंना जरूर समजावून सांगा. काही थोड्या बायकांत आकडा खूप चढलेला असतो आणि तो सरासरीला वर खेचतो. निकालपत्रावर तुलना कशाशी केली आहे ते आधी बघायचं.

आप्पा_डेट्रॉइट

मंडळी, मी १९७४ पासून मिशिगनात. हा विषय निघाला की आम्हा जुन्या लोकांना पीबीबी आठवतं. नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून लिहितो. थोडं विषयांतर आहे, पण पीबीबी म्हणजे पीबीडीईचं सख्खं भावंडच.

इथे एकच कंपनी दोन वस्तू बनवायची. एक गुरांच्या खाद्यात मिसळायचं मॅग्नेशियम ऑक्साईड, नाव न्यूट्रीमास्टर. दुसरं प्लास्टिकसाठीचं अग्निरोधक, नाव फायरमास्टर. १९७३ साली फायरमास्टरच्या पिशव्या न्यूट्रीमास्टर म्हणून खाद्याच्या गिरणीत गेल्या आणि राज्यभरच्या गोठ्यांत पोचल्या. गाईंचं दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढू लागले. रिक हाल्बर्ट नावाचा एक शेतकरी स्वतः केमिकल इंजिनियर होता, त्याने पाठपुरावा केला म्हणून महिन्यांनी का होईना उलगडा झाला. तोवर लोकांनी ते दूध, ते मांस, ती अंडी खाल्ली होती. पुढे तीस हजारांच्या आसपास गुरं आणि पंधरा लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

माणसांत किती पसरलंय हे कसं ठरवायचं? तेव्हा आईच्या दुधाचाच आधार घेतला. दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात तपासलेल्या ५३ पैकी ९६ टक्के बायकांच्या दुधात पीबीबी, उत्तरेकडच्या ४२ पैकी ४३ टक्के. १९७८ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. त्याचे पहिले लेखक लॅरी ब्रिलियंट, जे त्याआधी भारतात देवीच्या निर्मूलनाच्या मोहिमेत काम करून आले होते. आमची थोरली त्याच काळातली. बायकोने तिला पाजलं. दुसरं काही सुचलंही नाही आणि डॉक्टरांनीही पाजा असंच सांगितलं. त्या काळात शेजारच्या बायका दुपारी एकत्र बसून फक्त हेच बोलत. लिहायचं कारण इतकंच, की प्राजक्ता, तुझ्या जावेच्या मनात जे चाललंय ते मी घरात पाहिलंय. तिला एकटीला विचार करत बसू देऊ नकोस.

खमंगकाकडी

आप्पा, अंगावर काटा आला. दोन्ही नावांत 'मास्टर'? आणि हे एकाच छताखाली?

आप्पा_डेट्रॉइट

होय गं. आणि पिशव्याही सारख्या दिसणाऱ्या.

सडेतोड_शिरीष

आप्पा, ही माहिती मला नव्हती, धन्यवाद. पण तो अपघात होता. माझा आगीचा मुद्दा तसाच आहे. कोणी उत्तर दिलं नाही.

निळा_खडू

देते. टीबी ११७ मध्ये उघड्या फोमला ज्योत लावून बघत. खऱ्या घरात आधी पेटतं ते वरचं कापड. कापड पेटल्यावर खालच्या फोमला लागणारी ज्योत त्या छोट्या ज्योतीच्या कितीतरी पट मोठी असते आणि तेवढ्या रसायनाने तिला आवर बसत नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने नियमच बदलला. टीबी ११७-२०१३ मध्ये कापडासकट, धुमसत्या सिगारेटची परीक्षा आहे. तुम्ही म्हणालात तोच सोफ्यावरचा सिगारेटवाला! ती परीक्षा रसायनाशिवाय, योग्य कापड आणि अस्तर वापरून पार करता येते.

अर्लीन ब्लम यांचं नावही इथे घ्यायला हवं. १९७७ साली त्यांनी ब्रूस एम्स यांच्याबरोबर मुलांच्या झोपायच्या कपड्यांतल्या ट्रिस या अग्निरोधकावर लिहिलं, आणि पुढच्या वर्षी अन्नपूर्णा शिखरावर बायकांची मोहीम नेली. अनेक वर्षांनी तेच रसायन-कुटुंब सोफ्यांत बघून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

सडेतोड_शिरीष

फोमपुरतं मान्य करतो. पण सरसकट सगळीकडून काढा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वायरिंग, एमसीबी, चार्जर, गाडीची बॅटरी, जिथे वीज आणि उष्णता आहे तिथे अग्निरोधक लागणारच. कुठे लागतं आणि कुठे उगाच घातलंय हे वेगळं करा, मी तुमच्या बाजूने.

निळा_खडू

या वाक्यावर माझी सही घ्या.

विक्रोळीकर

सगळं अमेरिका-स्वीडन चाललंय. आपल्याकडे काय? मी कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांतून रोज जातो. टीव्हीची खोकी फोडतात, वायरी जाळतात, तो काळा धूर. तिथल्या बायकांच्या दुधात काय असेल?

उपसाला_मुक्काम

विक्रोळीकर, खरा प्रश्न विचारलात. भारतातल्या मातांच्या दुधातलं पीबीडीई आणि एचबीसीडी (आणखी एक ब्रोमीनवालं अग्निरोधक) मोजलं गेलंय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलकात्याच्या महापालिका कचरा डेपोच्या आसपासच्या माता होत्या आणि तो डेपो हाच संभाव्य स्रोत म्हणून पुढे आला. व्हिएतनाममध्ये ई-कचरा फोडणाऱ्या गावातल्या बायकांच्या दुधातही असंच बघितलं गेलं. कायद्याचं म्हणाल तर स्टॉकहोम कराराने पेंटा आणि ऑक्टामधले घटक २००९ मध्ये, एचबीसीडी २०१३ मध्ये, डेका (मुख्यतः बीडीई-२०९ चं मिश्रण) २०१७ मध्ये यादीत घातले. भारताने मार्च २०१८ च्या नियमांनी सात रसायनं बंद केली. त्यांत पेंटा-ऑक्टामधले घटक आहेत, एचबीसीडी आहे, आणि आप्पांनी सांगितलेल्या पीबीबीपैकी हेक्झाब्रोमोबायफिनाईलही आहे. डेका त्या सातांत नाही.

बनवणं थांबलं तरी जुना टीव्ही आहेच ना. तो शेवटी कुर्ल्यालाच येतो. ज्यांनी तो टीव्ही कधी विकत घेतला नाही त्या बायकांच्या अंगात ते जातं. मला याचा राग येतो, आणि या गल्ल्यांतल्या मातांची मोजणी व्हायला हवी असं मनापासून वाटतं. ती मोजताना त्यांना निकाल नीट समजावून सांगायला माणूसही हवा.

विक्रोळीकर

मुंबईत सायन हॉस्पिटलात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली. स्टॉकहोमसारखं काम इथे होऊ शकेल?

उपसाला_मुक्काम

पेढीचं दूध आधी अशक्त बाळांचं. पण उरलेल्या, टाकून द्यायच्या थेंबांतून वर्षावर्षाचे एकत्र नमुने जपले तर पुढच्या पिढीला केवढा आधार होईल. यासाठी कोणी पाठपुरावा करणार असेल तर मी लागेल ते वाचून, लिहून द्यायला तयार आहे.

पाटावरवंटा

'काळा प्लास्टिकचा झारा आजच फेका' असा फॉरवर्ड आमच्या सोसायटीत फिरतोय. तो याच रसायनांचा ना?

काचपात्र

हो, जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचं काळं प्लास्टिक पुन्हा वितळवून स्वयंपाकघरात येतं, त्यात बीडीई-२०९ सापडतं, हे खरं. पण हा फॉरवर्ड ज्यावरून निघाला त्या २०२४ च्या अभ्यासात गुणाकार चुकला होता. दर किलो वजनाला ७००० नॅनोग्रॅम ही मर्यादा आणि ६० किलोचा माणूस, म्हणजे ४,२०,००० नॅनोग्रॅम. छापलं ४२,०००. त्यामुळे आलेला आकडा मर्यादेला टेकल्यासारखा दिसला, प्रत्यक्षात तो तिच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होता. दुरुस्तीही छापून आली. माझ्या घरी झारे लोखंडाचे आणि सागाचे आहेत, पण शेजाऱ्याला मी भीती घालणार नाही.

बालरोग_वैद्य_मीरा

उशिरा आले, मुख्य मुद्द्यावर लिहिते. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

दूध बंद करू नका. आकडा काहीही येवो. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान सांगते ते याच जगात, ही रसायनं धरूनच. तिच्याच देखरेखीखाली देशोदेशी मातांचं दूध तपासतात. पहिलटकरीण, बाळ ३ ते ८ आठवड्यांचं, प्रत्येक देशातून साधारण ५० मातांचं दूध एकत्र करून. तो उपक्रम चालवणारेही स्तनपानाच्या बाजूनेच बोलतात.

हानीचा पुरावा काय? थायरॉईड आणि मेंदूची वाढ या दोन बाबतीत काळजी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांच्या मुलांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. गरोदरपणी आईच्या रक्तात पीबीडीई जास्त, तर पुढे मुलांच्या एकाग्रतेच्या आणि बुद्ध्यंकाच्या चाचण्यांत थोडा फरक. शब्द बघा: गरोदरपणी. बाळाचा मोठा संपर्क पोटात असतानाच होऊन गेलेला असतो. वरचं दूध सुरू केल्याने तो पुसला जात नाही, उलट आईच्या दुधाचे फायदे जातात.

रांगायला लागल्यावर धूळ हा मोठा रस्ता होतो. जेवणाआधी हात धुवा, बाळाचे जास्तच. कोरडा झाडू कमी, ओला पोछा जास्त. उसवलेल्या सोफ्यातून, फाटक्या कार सीटमधून फोम बाहेर आला असेल तर शिवून घ्या किंवा बदला. मात्र कार सीटशिवाय बाळाला गाडीत नेऊ नका. रसायनासाठी ती काढून टाकणारे पालक मी पाहिलेत.

गौरांगी_सिएटल

मी अशा एका अभ्यासात दूध दिलं होतं आणि निकालही मागितला होता. पाकिटात एक आलेख आला. सगळ्या मातांचे करडे ठिपके आणि माझा एक निळा, वरच्या बाजूला. नवरा ऑफिसात होता. मी तो कागद घेऊन आमच्या डॉक्टरकडे गेले तर त्यांनी असा निकाल कधी पाहिलाच नव्हता. मान हलवून परत दिला. फार एकटं वाटलं त्या संध्याकाळी.

मग कागदाच्या तळाशी फोन नंबर होता तिथे फोन केला. संशोधकांपैकी एक बाई तासभर बोलल्या. घरात काय काय आहे ते विचारलं. जुना वापरलेला रिक्लायनर निघाला, ज्याचा फोम हाताला भुरभुरत लागायचा. तो काढला. दूध पाजत राहिले. मुलगी आता शाळेत जाते, छान आहे.

प्राजक्ताताई, मी पुन्हा होयच म्हणेन. पण जाऊबाईंना सांगा, सही करायच्या आधी विचारा: निकाल कळल्यावर बोलायला माणूस कोण, आणि किती दिवसांत फोन उचलणार?

खमंगकाकडी

गौरांगी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

प्राजक्ता_सॅनहोजे

सगळ्यांचे किती आभार मानू. काल संध्याकाळी जावेच्या घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी आप्पांची पोस्ट दोनदा वाचायला लावली. मीराताईंचं 'दूध बंद करू नका' ऐकल्यावर त्यांचा विरोध मावळला. त्यांची धास्ती तीच होती, की आकडा बघून सूनबाई अंगावरचं तोडेल.

जावेने आज फोन करून गौरांगीने सांगितलेले दोन्ही प्रश्न विचारले. तिकडे एक परिचारिका आणि एक संशोधक नेमलेले आहेत, दोन दिवसांत बोलतात. तिने होयवर खूण केली. दुसरा चौकोन उरलेला नमुना पुढच्या संशोधनासाठी साठवण्याचा होता. स्वीडनची गोष्ट ऐकल्यावर त्यावर तिने विचारही केला नाही, लगेच होय.

एकच राहिलं. कॅलिफोर्नियात सध्या आकडा चढतोय की उतरतोय?

निळा_खडू

उतरतोय! २००३-०५ च्या आणि २००९-१२ च्या कॅलिफोर्नियातल्या मातांच्या दुधाची तुलना झाली, पीबीडीई सुमारे ३९ टक्क्यांनी कमी. कॅलिफोर्नियाचा पेंटा-ऑक्टावर बंदी घालणारा कायदा २००३ चा, त्यांचं अमेरिकेतलं उत्पादन २००४ अखेर थांबलं. एका दशकात आयांच्या शरीरात फरक दिसला. कायद्याचा परिणाम इतका स्पष्ट मोजता येणं फार थोड्या ठिकाणी होतं.

गौरांगी_सिएटल

पण त्याच्या जागी दुसरं येतं ना. इथल्या ५० मातांच्या दुधाचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात २५ वेगवेगळी ब्रोमीनवाली अग्निरोधकं सापडली. पीबीडीई घटलेलं, पण ब्रोमोफिनॉल बहुतेकींत.

काचपात्र

यासाठीच तो दुसरा चौकोन महत्त्वाचा. आपण ज्याचं प्रमाणित द्रावण विकत आणतो तेच मोजू शकतो. उद्या नवं नाव पुढे आलं की आजच्या बाटलीतच मागे जाऊन बघता येतं.

वाचक_बारामती

माझी पत्नी सातव्या महिन्यात आहे. पुण्यात खासगीरीत्या असं दूध तपासून मिळेल का? खर्च करायची तयारी आहे.

काचपात्र

कृपा करून करू नका. एकट्या नमुन्याला तुलनेसाठी आजूबाजूच्या शंभर बायकांचे आकडे लागतात, ते कोणाकडे नाहीत. ब्लँक आणि १३-कार्बनची मानकं न वापरता कोणी आकडा दिला तर तो कागद निरुपयोगी, आणि वापरून दिला तरी उपचार काही बदलणार नाही. तेच पैसे घरातली फाटकी गादी बदलायला वापरा, आणि डॉक्टर मीरांची पोस्ट वहिनींना वाचायला द्या. अभ्यासाची संधी आली तर मात्र जरूर जा, बाटली काचेची आहे का ते बघून.

वाचक_बारामती

समजलं. गादी खरंच जुनी आहे, रविवारी बघतो.